हात माझा, चेहरा त्याचा

मोठ्या हिरोबरोबर शूटिंग केलं म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. तुम्हीही ओढली असणार. आता हा व्हॅनिटी व्हॅनमधल्या गमती सांगणार, हिरो कसा साधा आहे बघा म्हणणार, शेवटी त्याची नक्कल करून दाखवणार, असं वाटतंय ना? नक्कल आहे. पण ती करताना समोर एकही माणूस हसत नव्हता.

मी बेळगावकडच्या एका छोट्या गावातला. शाळेत मुख्याध्यापकांचा आवाज काढून पूर्ण वर्गाला लवकर घरी सोडणारा मुलगा. तेच भांडवल घेऊन बेंगळुरूला आलो आणि व्हाइटफील्डमधल्या एका जाहिरात बनवणाऱ्या कंपनीत चिकटलो. राहायला के. आर. पुरमला, अक्काकडे. अक्का म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. लग्न होऊन इथल्या जुन्या मराठी घरात आली, आणि निम्मी कानडी झाली. काका गेल्यापासून एकटीच होती.

कंपनीत माझं काम काय, तर हिरोच्या जागी बसायचं. हिरोचा वेळ महाग. मग लाइट लावेपर्यंत त्याच्या उंचीचा कुणीतरी खुर्चीत बसवतात. तो मी. त्या दिवशी जाहिरात होती साखरेच्या आजारावरच्या एका पावडरीची. आमच्या डायरेक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आपल्याला हिरो नकोय. मुलगा पाहिजे. प्रत्येक म्हातारीला वाटलं पाहिजे, माझा मुलगा सांगतोय."

मग तसा मुलगा तयार केला. मागे फिकट हिरवा पडदा, जरा धूसर, म्हणजे दवाखान्यासारखं वाटावं पण दवाखाना म्हणता येऊ नये. पांढरा कुर्ता, लांबून डॉक्टरच्या कोटासारखा. लाइटचा सगळ्यात उजळ ठिपका डब्यावर. हिरोची नजर आधी डब्याकडे, मग थेट कॅमेऱ्यात, कारण तो बघेल तिकडे बघणारा बघतो. आणि खाली एक ओळ, "हे औषधाला पर्याय नाही", टेबलावरच्या कापडाच्याच रंगात, डब्याच्या सावलीत. हिरो आला, कानडीत दोन वाक्यं बोलला, गेला. डबा उघडतानाचा हात जवळून घ्यायचा राहिलाच. मग तो माझा घेतला. मनगटावर लहानपणीचा भाजल्याचा डाग होता, तो कॉम्प्युटरवर पुसून टाकला. मी खूश. गावाकडे फोन करून सांगितलं, हिरोच्या मनगटापुढे मी आहे म्हणून.

पुढे जाहिरात टीव्हीवर यायला लागली. एक दिवस अक्काच्या स्वयंपाकघरात देवांच्या शेजारी तो डबा दिसला. त्याच्यावर हिरोचा फोटो. असा काढलेला की गॅसपाशी उभं राहा नाहीतर दारात, तो तुमच्याकडेच बघतो. मी हसलो. म्हटलं, "अक्का, हे काय देवात बसवलंय?"

"हसू नको. फार चांगलं आहे. साखरेच्या गोळ्या सोडल्या मी."

माझं हसू तिथंच विझलं.

"सोडल्या म्हणजे?"

"म्हणजे सोडल्या की! किती वर्षं त्या कडू गोळ्या गिळायच्या?"

मी सांगून पाहिलं. ती जाहिरात आमचीच, तो हात माझा. मोबाइलवर दाखवलं. तिनं माझं मनगट धरलं, डाग बघितला, मोबाइलमधला हात बघितला. "याला डाग कुठाय? थापा मारायला तू लहानपणापासून हुशार." मग मी खालची ओळ मोठी करून दाखवली. तिनं चष्मा वरखाली केला आणि म्हणाली, "एवढं बारीक लिहिलंय म्हणजे महत्त्वाचं नसणार."

"अक्का, तो पैसे घेऊन बोलतोय गं."

"अय्यो! तुझे काका आणि मी त्याचा पहिला पिक्चर बघितलाय. अख्ख्या जन्मात पडद्यावर तो आईशी खोटं बोलला नाही. माझ्याशी कशाला बोलेल?"

डायरेक्टर बरोबर बोलला होता. मुलगा मिळाला होता तिला.

त्यानंतर मी घरात घाबरून वावरायला लागलो. अक्का सारखं पाणी प्यायची, आणि तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला की हा कितवा ते मी मोजायचो. एका संध्याकाळी ऑफिसमधून आलो तर बेल वाजवून वाजवून दार उघडेना. खिडकीतून बघितलं तर ती टीव्हीसमोर मान टाकून बसलेली, तोंड उघडं. मी जाळीवर मुठी मारायला लागलो. ती दचकून उठली. "काय रे, घर पाडतोस काय? जरा डोळा लागला तर!" जरा कसला. तिला आता बसल्याजागी झोप यायची.

मग पाय. चपलेनं अंगठ्याला चावलं होतं. ती पाय धुताना मला दिसलं, जखमेची कड काळी पडली होती.

"अक्का, हे दाखवायला पाहिजे. आत्ता."

"दुखत नाही की! दुखत नाही म्हणजे बरं होतंय."

गावाकडे माझ्या आजोबांचाही पाय दुखत नव्हता. पुढे पायच नव्हता. हे मी तिला म्हणालो तेव्हा ती चिडली, वाईट बोलू नको म्हणाली, आणि कोमट पाण्यात जास्तीची पावडर घालून प्यायली. तिच्या डॉक्टरांना मी फोन केला. ते म्हणाले, ताबडतोब घेऊन ये. घेऊन कशी येऊ? उचलून? आईनं फोनवर समजावलं, तिलाही अक्कानं उडवून लावलं. देवाशेजारून तो डब्यावरचा हिरो बघत होता. त्याच्यासमोर आम्हा सगळ्यांची किंमत शून्य.

म्हणून मग मी तो झालो.

ऑफिसमधल्या एका मित्राचा मोबाइल मागून घेतला, दुपारी लवकर निघालो आणि आमच्याच बिल्डिंगच्या जिन्याखाली स्कूटरींच्या मागे जाऊन बसलो. वर जायचं धाडस नव्हतं, लांब जायचंही नव्हतं. तिला काही झालं तर धावता यावं. हिरोचा आवाज मी पार्टीत पन्नासदा काढलेला, लोक लोळून हसलेले. आज एक अक्षर घसरलं तर अक्का पुन्हा कधी कुणाचं ऐकणार नव्हती, आणि तो अंगठा तसाच काळा होत जाणार होता.

बोलणं कानडीत झालं. इथं आपल्या भाषेत सांगतो.

"नमस्कार अम्मा. मी बोलतोय."

कोण, ते सांगावं लागलं नाही. वर खुर्ची सरकल्याचा आवाज जिन्यात आला, आणि तोच फोनमध्येही. ती उभी राहिली होती.

"सर! तुम्ही... जेवण झालं का तुमचं?"

"झालं अम्मा. आमची पावडर घेणाऱ्यांची मी स्वतः चौकशी करतोय. तुम्ही गोळ्या बंद केल्यात का?"

"हो सर. तुमच्यामुळे."

तेवढ्यात गल्लीत भाजीची गाडी आली, लाउडस्पीकरवर टोमॅटो, कांदा ओरडत. मी मोबाइलवर हात दाबला. उशीर झाला होता.

"सर, तुमच्याकडे पण भाजीवाला आलाय की! इथं पण आत्ताच आला."

माझ्या पाठीवरून घाम ओघळला. "शूटिंग चालू आहे अम्मा. गल्लीचा सीन आहे."

"हां, सरी सरी, बरं."

"अम्मा, गोळ्या बंद करायच्या नाहीत. पायाला काही लागलंय का?"

ती एकदम बारीक आवाजात, जो मी कधी ऐकला नव्हता, म्हणाली, "स्वल्प लागलंय. काळं झालंय. कुणाला बोलले नाही सर, पण भीती वाटते."

म्हणजे तिलाही वाटत होती. मला आवाज सांभाळणं जड गेलं. हिरोला रडता येतं पडद्यावर, पण त्याचं रडणं मला जमत नाही, माझंच निघालं असतं. मी दात आवळले.

"आजच जा अम्मा. आत्ता."

"एक विचारू सर? तुम्ही स्वतः घेता का ही पावडर?"

एवढं साधं मला कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. डायरेक्टरनंही हे वाक्य कुठं लिहून ठेवलं नव्हतं.

"नाही अम्मा," मी म्हणालो.

फोन बंद झाला. वर कपाटाचं दार वाजलं. थोड्याच वेळात माझ्या खिशातला माझा मोबाइल वाजला. "कुठं आहेस? ऑटो घेऊन ये. डॉक्टरकडे जायचंय."

मी जिन्याखालीच होतो. तरी गल्लीच्या टोकाला पळत गेलो, ऑटो घेऊन आलो, लांबून आल्यासारखा धापा टाकत. धापा खऱ्याच होत्या.

डॉक्टरांनी अंगठ्याचा काळा भाग कापून साफ केला. मला बाहेर बोलावून म्हणाले, थोडा आणखी उशीर झाला असता तर पायाचंच बघावं लागलं असतं. साखर किती चढली होती ते सांगितलं, मी त्यांना आकडा पुन्हा सांगायला लावला. पाय मात्र वाचला.

आत गेलो तर अक्का पलंगावर बसलेली, पायाला पांढरं बँडेज, डोळ्यांत पाणी. मला वाटलं आता जवळ घेईल. मी स्टूल ओढून बसलो, तशी ती भडकली.

"बसतोस काय निर्लज्जासारखा? तो कोण, कुठला परका माणूस! एवढा मोठा. शूटिंग सोडून त्यानं मला फोन केला, पायाला काय झालंय विचारलं. पदरचं नुकसान करून खरं सांगितलं. आणि तू? माझ्या हातचं जेवतोस, एका घरात राहतोस. माझा पाय सडत होता आणि तू लोकांच्या नकला करत फिरत होतास!"

"अक्का, मी तुला किती वेळा..."

"गप्प! सांगण्याची एक पद्धत असते. त्यानं कसं सांगितलं, शिक जरा. सगळ्या जगासाठी तोंड चालतं तुझं. माझ्यासाठी उघडायला काय झालं होतं रे?"