डोक्यावरच्या सहा रेघा

आटे मास्तरांना किळस फार लवकर यायची, आणि ती लपवायची सवय त्यांना नव्हती. ग्रीस, काजळी, कुजकं तेल याचं त्यांना काही वाटत नसे; चाळीस वर्षं गाड्यांखाली पाठ टेकून काढलेला माणूस तो. पण वेळ मारून नेलेलं काम हाताला लागलं की पाण्याच्या तांब्यात झुरळ दिसावं तसं तोंड व्हायचं. "आधी आटे बघा, मग बोला," हे पालुपद सतत तोंडी, म्हणून नाव पडलं आटे मास्तर.

त्यांच्या गॅरेजात दातांच्या एक डॉक्टरीणबाई आपल्या वडिलांचा ट्रक घेऊन आल्या. ट्रकची साठी उलटलेली. वडिलांनी त्यातून जन्मभर दगड वाहिले होते आणि बाईंना तो स्वतः चालवायचा होता. मागचं डावं चाक कटकट वाजत होतं, चाकाच्या मधल्या हबमधून तेल गळत होतं.

मास्तरांनी चाक उतरवलं. एक्सलचं तोंड हबला आठ बोल्टांनी आवळलेलं असतं. इंजिनाचा सगळा जोर त्या आठांच्या भरवशावर चाकाला पोचतो. पहिल्या बोल्टला पाना लावला, दुसरा नुसत्या बोटांनी निघाला. भोक अर्ध्या इंचाचं आणि बोल्ट बारा मिलिमीटरचा. तो खुळखुळू नये म्हणून कुणीतरी त्याला सुतळी गुंडाळली होती. तेलात सडलेली ती सुतळी मास्तरांनी चिमट्याने ओढून काढली.

"बाई, हे बघा."

बाई वाकल्या. "किडलेल्या दाढेवर चांदी भरलीय."

"चांदी कसली? च्युइंगम."

आठही बोल्ट त्यांनी भंगारात भिरकावले. हबमधले आटे नशिबाने शाबूत होते. नवे दहा बोल्ट त्यांनी जावयाच्या दुकानातून मागवले, अर्ध्या इंचाचे, बारीक आट्यांचे, डोक्यावर सहा रेघा असलेले.

"या रेघा कशाच्या?" बाईंनी विचारलं.

"कडक पोलादाची खूण. रेघा नसल्या तर मऊ माल."

"आणि रेघाच खोट्या असल्या तर?"

मास्तर हसले. जावयाच्या मालावर संशय घ्यायचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. पण बाईंची खात्री पटावी म्हणून त्यांनी एका भंगार हबमध्ये बोल्ट बसवला आणि टॉर्कचा पाना लावला. ठरलेला ताण आला की हा पाना 'कट्' वाजतो. तो वाजेना. पाना फिरतच राहिला, लोण्यात फिरावा तसा. बोल्ट बाहेर काढला तर मधेच ताणून बारीक झालेला. दुसऱ्याचीही तीच गत. मग मास्तरांनी उजव्या चाकाचा एक मूळचा, जुना बोल्ट काढून लावला. पाना एका दमात 'कट्' वाजला.

मास्तर हातही न धुता दुकानात गेले. काउंटरवर त्यांची मुलगी होती, जावई मागे खोकी रचत होता. त्यांनी ताणलेला बोल्ट काचेवर ठेवला.

जावई ओशाळला. "अरेरे, मामा, हे तुम्हाला कसे आले? तुमचा डबा आत वेगळा असतो."

"वेगळा म्हणजे?"

"म्हणजे ओळखीच्यांचा. बाहेरच्यांना हे देतो. रेघा सारख्याच, गिऱ्हाईक तेवढंच बघतं." त्याने लगबगीने आतला डबा आणला. "घ्या, हे अस्सल."

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"बाबांच्या मालात ते मिसळू नका, असं मी यांना नेहमी सांगायचे," ती म्हणाली.

ती हे मायेने म्हणाली, आणि त्या मायेचीच मास्तरांना किळस आली. 'माझ्या जावयाचं दुकान आहे, डोळे मिटून जा,' असं सांगून त्यांनी किती गॅरेजवाले इथे पाठवले होते. ते सगळे बाहेरचे.

"जावईबापू," ते म्हणाले, "ज्याने सुतळी गुंडाळली तो अडाणी असेल. तुम्हाला सगळं कळतं." डब्याला हात न लावता ते निघाले.

पुढचे चार दिवस त्यांनी गॅरेजं पालथी घातली. "तिथले बोल्ट काढून तपासा. मी पाठवलं होतं, चूक माझी," एवढंच सांगायचे. काही जण हसले. घरचं भांडण चव्हाट्यावर आणलंत म्हणाले. एकाने मात्र त्यांच्यासमोर शाळेच्या बसचं मागचं चाक खोललं. आठांतले तीन बोल्ट ताणलेले होते आणि एकाची मान तुटायला आली होती. मास्तर बाहेर जाऊन थुंकले. मग आत येऊन बसच्या पायरीवर बसले.

ट्रकचे बोल्ट त्यांनी दुसऱ्या गावाहून आणले, दोन मोडेपर्यंत ताणून पाहिले, मग आठ समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले. बाईंनी ट्रक घाटातून नेऊन आणला. तेलाचा थेंब नाही, आवाज नाही. बाई खुशीत होत्या. शेजारी बसलेल्या मास्तरांचं तोंड मात्र कडूच होतं.

दोन महिने मुलगी फिरकली नाही. दुकानाचे गॅरेजवाले तुटले होते. मग एका दुपारी ती पिशवी घेऊन आली आणि पिशवीतले बोल्ट बाकावर ओतले.

"मोडून बघा."

"आतल्या डब्यातले की बाहेरच्या?"

"आता एकच डबा आहे. जुना माल मी भंगारात घातला. घरात महाभारत झालं."

मास्तरांनी एकामागून एक सहा बोल्ट ताणले. सहाही वेळा पाना 'कट्' वाजला. त्यांनी मान डोलावली, पण चेहरा सैलावला नाही.

"आता याल ना घरी?" मुलीने विचारलं.

"तुझ्यासाठी येईन," ते हात पुसत म्हणाले. "पण त्याच्या हातचं पाणी अजून घशाखाली उतरणार नाही, पोरी. आणि तू 'मिसळू नका' म्हणालीस, तेही नाही."

ताणून पाहिलेले सहा बोल्ट तिने एकेक करून भंगाराच्या डब्यात टाकले आणि बाकीचे कोरे पिशवीत भरायला घेतले.