साडूभाऊंच्या ताऱ्यांचं ग्रहण

आमच्या साडूभाऊंइतका आकाशाकडे पाठ फिरवून बसलेला ताऱ्यांचा वेडा अख्ख्या झाडीपट्टीत सापडायचा नाही. नागभीडच्या शाळेत गणित शिकवतात, पण जीव गुंतलाय ताऱ्यांच्या जोड्यांत. स्वतःची दुर्बीण नाही. परदेशातल्या आपोआप फिरणाऱ्या दुर्बिणी आकाशाचे फोटो काढतात, ताऱ्यांच्या उजेडाच्या नोंदी इंटरनेटवर टाकतात आणि हे भरदुपारी बनियनवर पंख्याखाली बसून त्या चाळतात. एकदा मी सप्तर्षी दाखवा म्हटलं, तर अंगणात गोल फिरून मलाच विचारतात, "कुठी रायते बा ते?"

समजावून सांगायची मात्र भारी हौस. एका लग्नात भर पंगतीत त्यांनी बुंदीचा एक लाडू दुसऱ्याभोवती फिरवला. "हा त्याच्या आड गेला का उजेड कमी. झालं गरहन! वाट गोल असन तं दोन गरहनं सारख्या अंतरानं. लांबट असन तं दुसरं एकतर लवकर, नाईतं उशिरा. मले अशाच वाकड्या जोड्या पायजे." एवढं बोलून दोन्ही तारे खाऊन टाकले आणि वाढप्याकडे नवीन जोडी मागितली.

तशी एक जोडी त्यांना खरोखरच सापडली. तिकडच्या संगणकाने ती चुकीची नोंद म्हणून बाजूला फेकली होती, कारण दुसरं ग्रहण भलत्याच वेळी. साडूभाऊ पेटलेच. "मशीनले काय समजते? जोडी खरी हाय!" तिकडच्या अभ्यासकांना कळवलं, तर उत्तर आलं, पुढचं ग्रहण कधी ते आधी सांगा, मग बघू. यांनी हिशेब मांडून मंगळवारची दुपार कळवली. आपली दुपार म्हणजे तिकडची रात्र. आता इज्जतीचा प्रश्न! मेहुणी म्हणाली, "बाकीचे मास्तर ट्यूशन घेऊन राह्यले, अन् हे लोकायनं फेकलेल्या चांदण्या येचून राह्यले." हसणाऱ्यांत मीही होतोच.

त्या मंगळवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर चूल थंड. सासूबाई तिथे मुक्कामाला होत्या. जावई सकाळी "आज गरहन" म्हणाले, एवढं ऐकून त्यांनी माठात, दह्यात तुळशीची पानं टाकली आणि कुणाच्या तोंडात घास जाऊ दिला नाही. मी म्हटलं, "मामी, ते लय दूरचं गरहन हाय, आपल्याले लागत नाई." फणकारल्याच. "गरहन ते गरहन! सुटलं का जावाईबापू सांगतीन." झाली का पंचाईत! नोंदी यायला दोन-तीन दिवस, आणि इथे पोटात कावळे ओरडत होते. शेवटी साडूभाऊंनी घड्याळ पाहून हिशेबानेच "सुटलं, मामी" असं जाहीर केलं. म्हातारी आंघोळ करून आली, मग कुठे भात शिजला.

शुक्रवारी साडूभाऊंचा फोन आला. उजेड त्याच दुपारी उतरला होता, अगदी सांगितल्या वेळेला. तिकडच्यांनी जोडी मान्य केली होती. मी ओरडून अभिनंदन केलं.

"जोडीचं तं झालंच, भाऊ," ते म्हणाले. "पण इतकी वर्षं मी एकटाच ह्या गरहनायची वाट पाहून राह्यलो. या खेपेले घरातलं कोणीतरी माह्यासंगं उपाशी बसलं."

मला फार बरं वाटलं आणि, का कोण जाणे, जरा वाईटही.