एलोइसा आंटीचे कोकी

दिवस मावळला की एलोइसा आंटी मागच्या खोलीतल्या खिडकीची मूठ फिरवून काचेच्या पट्ट्या उघडायची. नेमक्या त्याच वेळी आमच्या गल्लीतल्या बाकीच्या खिडक्या बंद होत असायच्या. रेडिओ बारीक करून ती पलंगावर पाय वर घेऊन बसायची. बाहेर कुंपणाच्या झाडांतून पहिला आवाज उठायचा, को-की. मग दुसरा, मग दहा ठिकाणांहून. "आले," ती म्हणायची. घरात ती एकटीच असायची, पण सगळे जेवायला घरी पोचल्यासारखं म्हणायची.

कोकी म्हणजे नाण्याएवढा बेडूक. आमच्या बेटावर, हिलो गावाच्या आमच्या बाजूला, तो कुंड्यांतल्या मातीतून आला आणि पसरला. त्याच्यामुळे कुणाचं घर विकलं जाईना, कुणाच्या ऑर्किडच्या पेट्या बंदरावरून परत आल्या. नवीन राहायला आलेली माणसं कानात बोळे घालून झोपायची. समोरचा रोहेलिओ तेवढा म्हणायचा, "आमच्या गावचे कोंबडे याहून मोठ्यानं ओरडतात," आणि खुशाल घोरायचा.

आंटीची गोष्ट वेगळी होती. तिची आजी लहानपणी पोर्तो रिकोहून बोटीनं इथल्या उसाच्या मळ्यांवर आली. तिकडे रात्रभर हा बेडूक गातो. आजी म्हातारी होईपर्यंत एकच तक्रार करायची, इथली रात्र मुकी आहे. आंटीनं पोर्तो रिको कधी पाहिलं नाही. आजी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर एका संध्याकाळी भांडी घासताना तिला बाहेरून को-की ऐकू आलं, तेव्हा ती साबणाच्या हातांनीच अंगणात गेली. "उशीर केलास रे," ती त्याला म्हणाली. हे तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना हसली.

शेजारी वॉलेस तानिमुरा राहायचा. साखर कारखान्यातून निवृत्त झाला होता, आणि गल्लीतल्या फवारणीवाल्यांचा तोच पुढारी होता. टाकीत बेडूक मारणारं लिंबूसत्त्वाचं पाणी भरून ही मंडळी अंगणं धुऊन काढायची. आठवडाभर शांतता, मग आंटीच्या अंगणातून बेडूक परत सगळीकडे. मालकानं हो म्हटल्याशिवाय कुणाच्या आवारात शिरता येत नव्हतं, आणि आंटी कधी नाही म्हणायची नाही, नुसती लांबणीवर टाकायची.

"एलोइसा, शनिवारी टाकी येतेय."

"या शनिवारी? अरे, तुरीला फुलोरा आलाय. करपेल ना."

"मागच्या वेळी लिंबाला आला होता."

"झाडं काय मला विचारून फुलतात?"

"तुझ्या अंगणात त्या बेडकांचं माहेर आहे!"

"मग माहेरी आलेल्यांना हाकलू का मी?" असं म्हणत ती ॲव्होकाडोंची पिशवी त्याच्या हातात द्यायची. तो मान हलवत पिशवी घेऊन जायचा. पिशवी घेतली म्हणजे राग नाही. दोन वर्षं असंच चाललं.

वॉलेसची बायको हात्सुए आणि आंटी फुलं बांधायच्या कारखान्यात एकाच टेबलावर उभ्या राहून म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्या हिवाळ्यात हात्सुएच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. होनोलुलूहून ती घरी आली तेव्हा डॉक्टरांनी औषधांच्या बरोबरीनं झोप सांगितली होती.

चार दिवसांनी वॉलेस आला. टाकीबद्दल काही बोलला नाही. पायरीवर बसला, पावसाबद्दल दोन वाक्यं बोलला. आंटीनं पिशवी दिली. तो गेला, तेव्हा पिशवी पायरीवरच राहिली.

आंटी बराच वेळ त्या पिशवीकडे बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती कोंबडीचं सूप घेऊन गेली. मी पातेलं धरून मागे होते. झोपायच्या खोलीत पलंगच नव्हता. तो आंटीच्या कुंपणापासून लांब, मागच्या बंदिस्त पडवीत, कपडे धुवायच्या यंत्राला चिकटून मांडला होता. हात्सुए तिथे उशांना टेकून बसली होती. डोळ्यांखाली काळं.

"इथे का गं?"

"इथे ऊन चांगलं येतं."

"इथे खिडकीच नाही, हात्सुए."

"मग थंडावा चांगला आहे." हात्सुए हसली. "तुझ्या बेडकांचं म्हणशील तर मला त्यांची सोबत होते."

"खोटं बोलायला तुला कधीच जमलं नाही. कारखान्यातसुद्धा तूच आपल्याला पकडून द्यायचीस."

परत निघताना आंटीनं दारातच वॉलेसला गाठलं. "टाकी कधी येतेय?"

"अगं, पण तुरीचा फुलोरा…"

"करपू दे."

शनिवारी सकाळी हात्सुएच्या बाजूचं कुंपण तिनं स्वतः कोयत्यानं तोडलं. दुपारभर तुरीच्या दाण्यांचा भात आणि डुकराचं मांस शिजवलं. आपल्या अंगणात काम करणाऱ्याला उपाशी पाठवायचं नाही, मग काम कसलंही असो. अंधार पडायच्या सुमारास माणसं टाकी घेऊन आली, तेव्हा ती हात्सुएजवळ पडवीत जाऊन बसली. फवाऱ्याचा आवाज सुरू झाला. को-की विरळ होत गेलं. हात्सुएच्या गालावरून पाणी ओघळलं.

"तू का रडतेस? बेडूक माझे होते."

"म्हणूनच."

आंटीनं तिचा हात धरून ठेवला. बाहेर माणसं ताटं हातात घेऊन उभी होती. भात चांगला झालाय म्हणावं की नाही, कुणाला कळत नव्हतं. शेवटी रोहेलिओनं दुसऱ्यांदा वाढून घेतला, तेव्हा सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

आणखी तीन-चार फवारण्या लागल्या. मग हात्सुएचा पलंग परत जागेवर गेला. ती झोपायला लागली, चालायला लागली. आंटी आता संध्याकाळी त्यांच्याकडेच जाऊन बसायची. घरी फार शांत वाटतं, असं ती एकदाच म्हणाली, तेही मीठ शोधताना.

उन्हाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी आम्ही चौघं वॉलेसच्या व्हरांड्यात होतो. त्याच्याच ऑर्किडांच्या मांडवातून स्पष्ट आवाज आला. को-की.

वॉलेसचा चेहरा पडला. "मी आणलेला नाही हं," आंटी म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

वॉलेस टॉर्च घ्यायला उठला, तर हात्सुएनं त्याची बाही धरली. "एकटाच आहे. राहू दे ना. एलोइसाला ऐकू दे."

आंटी ऐकत होती. तिचं डोकं किंचित त्या बाजूला कललं होतं. बेडूक सात-आठ वेळा ओरडला असेल.

त्याच आठवड्यात आंटी झोपेतच गेली. त्या संध्याकाळनंतर माझी तिची भेट झाली नाही. त्यामुळे माझ्याजवळ तिचं शेवटचं बोलणं आहे ते व्हरांड्यातलंच. तिनं हात्सुएची बोटं वॉलेसच्या बाहीवरून सोडवली आणि म्हणाली, "राहू दे काय, राहू दे? एकाचे शंभर होतात, मग तू झोपणार कधी? जा रे वॉलेस, पकड त्याला. आणि चपला घाल, गवत ओलं आहे."