बाथरूमच्या दाराजवळची मशीन

रेनकोट शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळ्या डाकगाडी म्हणायच्या. रेनकोटची टोपीवर टोपी तिच्या मशीनखालून अशी सुटायची की पुढची बाई कावायची, "अगं, जरा दम खा की, मेले!" हसणंही तसंच. एकदा सुटलं की थांबेल तर शपथ.

ती पोटुशी राहिली आणि सातव्या महिन्यात गाडीला ब्रेक लागला. कापडाची भुकटी नाकात गेली, शिंक आली, आणि शिंकेबरोबर यायला नको तेही आलं. तेव्हापासून हसू आलं की ती ओठ चावायची. भीती एकच. पोटुशी बाई सारखी उठायला लागली की सुपरवायझर तिला मशीनवरून काढून धागे कापायला बसवायची, आणि एकदा दुसरीचं बूड मशीनवर टेकलं की बाळंतपणानंतर ती जागा परत मिळेल हे विसरायचं.

मग तिने शिवणारणीचं डोकं लढवलं. रेनकोटच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर मऊ सुती घडी ठेवली, चारी बाजूंनी टीप मारली आणि आतून लावली. थेंब बाहेर येईल तर नाव बदलीन, अशी ऐट! कारखान्यात पाऊल टाकलं आणि चूक कळली. चालली की चुर्र, बसली की चुर्र. शेजारच्या मशीनवरच्या मावशीने कान टवकारले.

"काय गं, खाऊ लपवलायस?"

"कुठे काय, मावशी!"

"मग पोटातलं पोर कागद फाडतंय का?"

अख्खी लाइन हसली. डाकगाडीही हसली, आणि हसल्यावर जे व्हायचं तेही झालं. बाहेर मात्र काही आलं नाही. घडी तोंडाची वाईट, पण कामाला चोख.

दुसऱ्या दिवसापासून तिने नुसती सुती घडी लावली आणि वर पाणी पिणंच सोडलं. न रहेगा बांस, न बजेगी बांसुरी, असं तिला वाटलं. आठवड्याभरात लघवीला जळजळ सुरू झाली. तपासणीला गेली, सगळं सांगितलं, तर नर्स कडाडली, "पाणी सोडलंस? वा, शहाणे! लघवी दाट झाली की आत चावते आणि घाई आणखी वाढते. काही कमीच करायचं तर चहा कमी कर. बरं, सतत पाझरतं का, पाण्यासारखं?"

"नाही. शिंकले, हसले तरच."

"मग घाबरू नको. सतत पाझरलं तर ते बाळाभोवतीचं पाणी असू शकतं, मग मात्र तशीच उठून ये."

लघवी तपासायला गेली, औषध मिळालं. वर नर्सने व्यायाम शिकवला. लघवी अडवताना जिथे ओढ लागते तो भाग आत-वर आवळायचा, श्वास न कोंडता थोडं धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. शिंक येतेय वाटलं की आधीच आवळायचं.

घरच्या रगाड्यात हे कुणाच्या लक्षात राहणार? तिने ते मशीनलाच बांधून टाकलं. सुई धावली की आवळ, सुई थांबली की सोड. चेहऱ्यावर सुरकुती नाही. हळूहळू शिंका कोरड्या जायला लागल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याचशा.

उठणं मात्र काही सुटेना. एके दुपारी सुपरवायझर आडवी आली. "पुन्हा? उद्यापासून तू धागे काप."

लाइनीतल्या सुया थांबल्या. डाकगाडी पोटावर हात ठेवून सरळ उभी राहिली.

"मॅडम, पोर लघवीच्या पिशवीवर बसलंय. मला जावं लागतं, शिंकले तर गळतंही. हात तर गळाले नाहीत ना? ती बाथरूमच्या दाराजवळची मशीन रिकामीच असते, ती द्या. टोप्या कमी पडल्या तर मग धागे काय, केसही कापून घेईन."

कुणीतरी फिसकलं. सुपरवायझर स्वतः दोन लेकरांची आई. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तिथे वास येतो गं."

"मला पहिल्या महिन्यापासून सगळ्याचाच वास येतोय."

मशीन मिळाली. टोप्या कमी पडल्या नाहीत. जिच्या पोरांना मिशा फुटल्या होत्या ती मावशीही चहाच्या सुट्टीत तिच्याजवळ स्टूल ओढायला लागली. "मी अजून शिंकताना पायाला पाय आवळून उभी राहते," ती कुजबुजली, "मलाही सांग की." डाकगाडीने हसण्यावारी नेलं नाही, नीट समजावून सांगितलं.

ती बाळंतपणाला गेल्यावर एका नव्या बाईने त्या मशीनवर पिशवी ठेवली. सुपरवायझर लांबूनच ओरडली, "उचल ती! मालकीण बाळाला घेऊन घरी आहे, नोकरी सोडून नाही गेली."