विमानांच्या माथी मारलेला वारा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, अम्मीला तर नाहीच. आत्ता लिहितानाही दार आतून लावून घेतलंय. मी मुळातच भित्री, घरात सगळे चिडवतात. पण ही भीती वेगळी आहे.

मी हवामानाच्या कचेरीत काम करते. रत्नागिरीची मुलगी, बंदराजवळ माहेर. आमच्या घरात मासेमारीबाहेरचा पहिला पगार माझा — कौतुक केवढं! काम असं, की मुंबईला, गोव्याला उतरणारी विमानं वाटेतला वारा मोजून पाठवतात आणि तो आमच्या अंदाजाच्या मॉडेलमध्ये जातो. पण मोजलेलं सगळंच खरं थोडंच असतं? सुरमई ताजी आहे असं विकणारी सांगते, शेजारीण नाक मुरडते. कुणाचं किती ऐकायचं ते आपण ठरवतो ना? तसंच. विमानांच्या मोजण्यात चूक किती असेल, तो आकडा मी काढायचा. आकडा मोठा ठेवला, तर मॉडेल विमानांचं फारसं ऐकत नाही.

आता मुद्द्यावर येते. येते — थांबा जरा.

किनाऱ्यावर विमानं सांगत होती तो वारा आणि मॉडेलचा वारा काही केल्या जुळेना. मग चूक कुणाची? ते शोधायची रीत आहे: जवळजवळ उडणारी दोन विमानं घ्यायची आणि त्यांचं आपसात जुळतं का बघायचं. जुळलं, तर दोष बहुधा मॉडेलचा. काम भयंकर किचकट. आणि मला चुलतबहिणीच्या लग्नाला माहेरी जायचं होतं. मी ते केलंच नाही. सगळा दोष विमानांच्या माथी मारला, आकडा चांगला फुगवला आणि साहेबांना म्हटलं, "हो सर, विमानं एकमेकांशी ताडून पाहिली." खोटं. त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले.

लग्नात मी खूप नाचले, हेही सांगून टाकते.

सलीमभाई माझा मोठा भाऊ, होडीवरचा तांडेल. खलाशी त्याच्या शब्दावर चालतात. समुद्रावर निघालेल्याला "परत कधी येणार" असं आमच्या घरात विचारत नाहीत, अपशकुन होतो. उलट तोच निघताना मला फोन करायचा, "काय गो, वारा कसा हाय? जाव काय?" पुढच्या मोसमात असाच फोन आला. मी आमचा अंदाज बघितला. शांत होता. आकडा आठवला का मला? आठवला. तरी म्हटलं, "बिनधास्त जा."

दुपारी वारा उठला. घाईघाईत जाळं ओढताना त्याचा उजवा हात दोरात सापडला. जीव वाचला, बोटं गेली. इस्पितळात मी रडत होते, तर तोच मला म्हणाला, "वारा काय आपल्या बापाचा हाय? तुझी काय चूक गो?"



नंतर एकदा, कुणी नसताना, आकडा खाली आणून मी तोच दिवस मॉडेलवर पुन्हा चालवला. वारा दिसला. अगदी आमच्या किनाऱ्यावर, दुपारचाच. विमानं खरं सांगत होती.  मग ते सगळं पुसून टाकलं आणि घरी जाऊन भात टाकला.

आकडा बदलायचा, तर का बदलतेस हे सांगावं लागतं. म्हणजे साहेबांशी खोटं बोलले तेही सांगावं लागेल.

सलीमभाई अजून जातो, सुकाणू डाव्या हाताने धरतो. अजून मलाच विचारतो. अंदाज कितीही शांत असला तरी मी भीतीने म्हणते, "आज नको रे." तो ऐकतो, होडी बांधून ठेवतो. बंदरावर लोक त्याला हसतात — बहीण घाबरट, भाऊ तिच्या वरताण.

त्याला थांबवायला मी आहे. बाकीच्या होड्या आमचा अंदाज बघून जातात. आज सकाळीही गेल्या. तो आकडा अजून तिथेच आहे.