ब्याऐंशी टक्क्यांचा फ्लेक्स

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात फक्त दादा गेलते. फरशी बसवायला.

दादा म्हणजे माझे वडील. बीडच्या त्या कॉलेजच्या अख्ख्या व्हरांड्याची फरशी त्यांच्या हातची; पण तिच्यावरून दप्तर घेऊन चालायची ऐपत घरात कुणाची नव्हती. पत्र्याचं घर, माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला, आणि माझी वही संपली की टाइल्सच्या खोक्यांवर गणितं! पुढं मी त्याच फरशीवरून एम.ए.ला जायला लागले, तेव्हा दादा साऱ्या गावाला सांगायचे, "पोरगी घसरनार न्हाई. फरशी म्या बसवलीय!"

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. माझा विषय: 'शुभेच्छांच्या फ्लेक्सवरची मराठी'. (बीड जिल्ह्यात राहून या विषयाला माल कमी पडला, तर शिक्षणच सोडावं!) लिंबागणेशपासून घाटनांदूरपर्यंत फ्लेक्सवरचा मजकूर उतरवून घेतला. प्रबंध दिला की कॉलेजचं यंत्र, म्हणजे कॉम्प्युटरातला एक प्रोग्राम, तो तपासणार होतं. किती मजकूर दुसरीकडून उचललाय? दहा टक्क्यांच्या वर गेलं की प्रबंध परत आणि डिग्री लटकली. मी निर्धास्त. मी कुठं काय चोरलं होतं?

मला प्रबंधासाठी मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमचा मेसेज आला. लाल अक्षरांत. ८२%.

फ्लेक्सवाल्यांनी मजकूर एकमेकांचा उचललेला, मी तो अवतरणचिन्हं न घालता उतरवलेला. आणि यंत्राच्या लेखी सगळी 'दिलदार व्यक्तिमत्त्वं' चोरणारी मी एकटी! तेवढ्यात दादांनी मोबाइलात डोकावलं.

"आयला, ब्याऐंशी! लई आले की!"

"दादा, तसं न्हाई... ही चोरी..."

"आपल्याला कुनाची चोरी हाय? कष्टाचं हाय! समद्या गावाला कळू दे!" आणि मोटारसायकलला किक मारून बीडकडं पसार.

संध्याकाळी गावच्या स्टँडवर फ्लेक्स उभा! वर आधार कार्डावरचा माझा फोटो (त्यात मी फरार आरोपी दिसते) आणि खाली: 'एम.ए.ला ८२ टक्के मिळवल्याबद्दल गोरगरिबांचे कैवारी, भावी जिल्हा परिषद सदस्य यांचे हार्दिक अभिनंदन!'

"दादा, मी भावी सदस्य कवा झाले?"

"म्या बी विचारलं फ्लेक्सवाल्याला, हे काय बे? तर म्हनला, मजकूर मागच्याचाच हाय, फोटो अन् टक्के तेवढे बदललेत."

दुसऱ्या दिवसापासून लोक अडवायला लागले, "ताई, पालीच्या रस्त्याचे खड्डे कवा बुजवायचे?"

मी प्रबंध परत लिहायला बसले. प्रत्येक उताऱ्याला अवतरणचिन्हं, फ्लेक्स कुठल्या चौकातला त्याची नोंद, बाकी सगळं माझ्या शब्दांत. मॅडमनी अवतरणं वगळून यंत्रात घातलं. एकेचाळीस! (उतारे वगळल्यावर उरलेल्यात निम्मी प्रस्तावनाच, आणि ती नेमकी जगातल्या सगळ्या प्रबंधांसारखी निघाली.)

दादा हादरले. "अर्ध्यावर आलीस की बाय! कावून घसरायलीस?"

शेजारच्या सुमनमावशी मीठमोहऱ्या घेऊनच आल्या. "नजर लागली! फ्लेक्स लावू नगा म्हनलं होतं म्या."

"मावशी, ह्यात टक्के कमी आले की चांगलं असतं," मी म्हणाले.

माय मावशींना हळूच म्हणाली, "जरा जास्तच मीठ घ्या. डोस्क्यावर गेलंय."

मी प्रस्तावना पार काढून टाकली आणि आपण बोलतो तशी नवी लिहिली. नऊ! "नऊ आले, नऊ!" म्हणत मी अंगणात उड्या मारल्या. दादा मटकन उंबऱ्यावर बसले. मायनं डोळ्याला पदर लावला. तेवढ्यात मॅडमचा फोन. दादांनीच उचलला, स्पीकरवर.

"अभिनंदन! नऊ टक्के!"

दादा उभे राहिले. फोनपुढं हात जोडले. "म्याडम, चेष्टा करू नगा वो. पोरगी हुशार हाय. अजून एक चान्स द्या तिला."

मॅडमना हसू आवरेना. "अहो, तो आकडा दुसऱ्याचं किती ते सांगतो. बाकी सगळं तिचं स्वतःचं आहे!"

दादा माझ्याकडं बघून एकदम बारीक आवाजात, "म्हंजी... ब्याऐंशी दुसऱ्याचं होतं? अन् ते म्या स्टँडवर लावलं?"

त्याच पावली जाऊन त्यांनी तो फ्लेक्स उतरवला.

पुढं निकाल लागला. मी एम.ए. झाले, आमच्या घरात पहिली. स्टँडवर नवा फ्लेक्स आला. या वेळी मजकूर दादांनी स्वतः सांगितला, आणि फ्लेक्सवाल्याला एक अक्षर घालू दिलं नाही: 'आमची पोरगी एम.ए. झाली. कुनाचं बघून लिव्हलं न्हाई.'

ती ओळ मी गुपचूप मोबाइलवर तपासून बघितली. शून्य टक्के! आमच्या घरात एम.ए. मी आहे खरी, पण पहिला नंबर अजून फरशीवाल्याचाच.