शेजारणीचा दगड

कणकवलीला उतरले तेव्हा मी पुरती जागी नव्हते. कोकण रेल्वेच्या बोगद्यांमध्ये माणूस झोपतो असंही म्हणता येत नाही आणि जागा असतो असंही नाही. अंधार, मग एक हिरवी दरी, पुन्हा अंधार. नांदगावच्या आसपास कधीतरी नारळाची झाडं खिडकीला लागली आणि वाटलं, हे आपण आधी पाहिलंय, बहुतेक आत्ताच्याच झोपेत. फलाटावर ॲग्नेस उभी होती. ॲग्नेस माझी कॉलेजातली मैत्रीण. आता कणकवलीच्या कॉलेजात वाणिज्य शिकवते आणि सुटी लागली की मालवणजवळच्या खाडीकाठी, तिच्या रोझीमावशीकडे जाऊन राहते. गेली कित्येक वर्षं ती मला "ये गो, ये गो" करत होती. या वेळी मात्र फोनवर आवाज बदलून म्हणाली, "आता आलीस तर मावशीच्या हातची कालवं खाशील. पुढचं काही सांगता येत नाही." मला वाटलं, मावशी आजारी आहे.

मावशी ठणठणीत होती. धोक्यात होतं ते तिचं खाडीत उतरणं.

वाडीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तशा वाड्या त्या किनाऱ्यावर बऱ्याच आहेत. तांबडा रस्ता उतरत उतरत खाडीशी संपतो, तिथे एक जुना क्रूस आहे, पलीकडे तुळशीवृंदावनांची रांग आणि त्यापुढे कांदळाची (खारफुटीची) झाडी, पाण्यात पाय सोडून बसलेली. या सगळ्याच्या मधोमध नवाकोरा फलक उभा होता. हे क्षेत्र शासनाचं, इथे शिरायला मनाई, तोडायला मनाई, गोळा करायला मनाई. मला फलकांचा मुळातच तिटकारा आहे. एवढ्या सुंदर जागेत पोचल्यावर पहिली गोष्ट कानावर पडते ती "नाही", याचा राग आला.

"झाडं वाचतील ना पण," ॲग्नेस म्हणाली. "वाचायलाच हवीत. फक्त हे राखीव वन होण्याआधी सुनावणी आहे. इथून जो कोणी काही नेत आला असेल, मासे, लाकूड, कालवं, त्याने ते येऊन सांगायचं. सांगितलं तर हक्क लिहिला जातो. न सांगितलं तर गेला. मग खाडीत उतरणं म्हणजे गुन्हा."

"मग सांगायचं की. त्यात काय एवढं?"

"तेच तर," ती म्हणाली. "आमच्याकडे सांगत नाहीत."

सुनावणी दुसऱ्या दिवशी दुपारी होती. त्या संध्याकाळी मावशीने सान्नां (तांदळाची, इडलीसारखी फुगलेली) आणि कालवांचं (दगडाला चिकटलेल्या शिंपल्यांचं) सुकं वाढलं. ओलं खोबरं, मिरची, आणि त्याखाली समुद्राचीच एक मऊ, खारट चव. मी बोटं चाटत होते आणि मावशी मला बघत होती. "जेव पोटभर," ती म्हणाली, "फाल्यां (उद्या) काय ता आमका तरी खंय म्हायती!" आणि स्वतः मात्र एका सान्नावर उठली.

पहाटे तिनेच हलवून उठवलं. "सुकती लागली, चल गो." सुकती म्हणजे ओहोटी. बाहेर धुकं इतकं होतं की खाडी आहे हे वासावरून ओळखायचं. पाणी मागे सरत होतं, झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण कोणी हलकेच ओढून घ्यावं तसं, आणि खालून एकेक काळा दगड वर येत होता. त्या दगडांवर कालवं घट्ट बसलेली. धुक्यातून बायका उतरत होत्या, कोणाचं लुगडं वर खोचलेलं, मावशीचा झगा गुडघ्याशी गाठ मारलेला. कोण कुठे चाललंय हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. प्रत्येकीचे पाय आपापल्या दगडाशी जाऊन थांबत होते.

मी मावशीच्या मागे गेले. तिचा दगड सगळ्यांत पुढे, खोल धारेशी होता. ती वाकली आणि छोट्या कोयतीने कालवं उचकटू लागली.

"मावशी, हा दगड तुमचा?"

तिने चटकन वर बघितलं. "तसा बोला नये गो."

"मग कोणाचा?"

"तो बग, तो शेवंतीचो," ती शेजारच्या दगडाकडे हात करून म्हणाली. "तेच्या पलीकडलो ताराचो."

"आणि हा?"

"हेचा शेवंतीक इचार."

ॲग्नेसने मला बाजूला घेऊन समजावलं. कालवांच्या दगडाला "माजो" म्हटलं की त्यावर पुन्हा कालवं धरत नाहीत, असं इथे मानतात. क्रूसाकडच्या बायका मानतात आणि तुळशीकडच्याही. दगड प्रत्येकीचा ठरलेला असतो, पण तो कोणाचा हे बाजूच्या दगडावरच्या बाईने सांगायचं. नवी सून आली की तिलाही तिचा दगड सासू दाखवत नाही, शेजारीण दाखवते. मला ते ऐकून गंमत वाटली, आणि मग लगेच आठवलं, दुपारी एक अधिकारी येऊन या सगळ्यांना विचारणार होता, तुमचा हक्क कोणता?

मावशीची अडचण तर आणखी वेगळी होती. शेजारच्या दगडावर पाठ फिरवून बसलेली शेवंतीकाकी गेल्या पावसाळ्यापासून तिच्याशी बोलत नव्हती. शेवंतीकाकीच्या मुलाने पर्यटकांच्या होडीसाठी धक्का बांधायला कांदळाचा एक पट्टा तोडला होता. मावशीने ते वनखात्याच्या माणसांना सांगितलं. मुलाला कचेरीत खेटे घालावे लागले, आणि थोड्याच दिवसांत तो फलक आला. फलक साऱ्या खाडीभर लागत होते, इथेही लागणारच होता. पण वाडीने दोन्ही गोष्टींची गाठ मारली ती मारलीच.

"झाडां गेली तर कालवां खंय ऱ्हवतली?" मावशी मला म्हणाली. "मी खोटा सांगलंय काय?" तिचा आवाज मोठा होता. तिला अलीकडे कमी ऐकू येतं, त्यामुळे तिची कुजबुजही शेजारच्या दगडापर्यंत पोचते. शेवंतीकाकीची पाठ हलली नाही.

मी तेवढ्यात दोन उद्योग करून ठेवले. पाण्यावरून एक लांब हिरवी शेंग तरंगत आली, टोकाला कोंब फुटलेली. कांदळाचं रोप. नाशिकच्या बाल्कनीत बादलीत लावू म्हणून मी ती पिशवीत घातली. "ठेव खाली," ॲग्नेस म्हणाली. "अगं, वाहत आली होती!" "पाणीपण सरकारचंच आहे बाई." मी ती नाक मुरडून पुन्हा पाण्यात सोडली, आणि ते करताना माझा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. पाय निघाला, सँडल निघाली नाही. तीही सरकारजमा झाली.

मग ठण् ठण् ठण् असा आवाज आला. शेवंतीकाकी कोयतीची पाठ दगडावर आपटत होती. मावशीने मान वर केली, तोंड वाकडं केलं. "बग, माज्यार राग काढता. रोजचा आसा ह्या." आणि टोपली उचलून काठाकडे निघाली. मीही निघाले. मागे वळून पाहिलं तेव्हा आम्ही उभ्या होतो ती जागा धुक्यात विरघळून गेली होती.

दुपारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात पंखा फिरत होता आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड होती. अधिकारी बाई लातूरकडच्या, तिशीतल्या, बोलायला सौम्य. त्यांनी नीट समजावून सांगितलं. तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या काढत आला असाल तर सांगा, मला लिहायला आवडेल. मग एकेकीला विचारू लागल्या.

"ताराबाई, कालवं काढण्याचा तुमचा हक्क आहे?"

ताराने पदर नीट केला. "माजो नाय."

"काढत नाही तुम्ही?"

"काढतंय. पण माजो नाय."

दुसरी उठली. तिचंही तेच. शेवंतीकाकी उठली, तिचंही तेच. टेबलामागचे कारकून भराभर "दावा नाही" लिहू लागले. दर वेळी त्यांचं पेन कागदावर फिरलं की ॲग्नेस माझा हात दाबत होती. मला ओरडावंसं वाटत होतं. अहो, एकदा म्हणा ना माझा, कालवांना काय कळतंय! पण त्या बायका अगदी शांत होत्या. आपल्या हाताने आपली खाडी हातची घालवत होत्या आणि तरी "माजो" म्हणायला तयार नव्हत्या.

मग रोझीमावशीची पाळी आली. ती उभी राहिली, आणि विचारायच्या आधीच म्हणाली, "माका माजा इचारू नकात. शेवंतीचा इचारा."

"म्हणजे?"

"शेवंतीचो दगड धारेच्या अलीकडचो. तिची सासू थंयच काढी. शेवंती लग्न होवन इली तेवां तो मीयांच तिका दाखवलंय. तिचो हक्क आसा. लिवा."

सभागृह एकदम जागं झालं. शेवंतीकाकी खाली बघत होती. अधिकारी बाईंनी कारकुनांना हाताने थांबवलं आणि पुढ्यातल्या पुस्तकाची पानं बराच वेळ उलटली. "आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "ज्याने मागितला नाही त्याचाही हक्क, जाणत्या माणसाने सांगितला तर लिहिता येतो. कायद्यात आहे तसं. मी मात्र आजवर कधी लिहिला नव्हता." मग त्यांनी उलटा प्रश्न घातला. ताराबाई, शेजारचा दगड कोणाचा? आणि मग काय, बायका बोलायच्या थांबेनात. जिला स्वतःबद्दल एक शब्द फुटत नव्हता ती शेजारणीच्या आजेसासूपर्यंत पोचत होती.

शेवटी एकच नाव उरलं.

"रोझीबाईंबद्दल कोण सांगणार?"

सगळ्या शेवंतीकाकीकडे बघू लागल्या. मावशीचा दगड सगळ्यांत पुढे, त्याला शेजार एकच. ॲग्नेस उठली. "तुम्ही कालवं काढता का?" "नाही, पण माझी मावशी..." "मग बसा," अधिकारी बाई हळूच म्हणाल्या. शेवंतीकाकीचा मुलगा दाराशी हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या आईने त्याच्याकडे बघितलं, मग खिडकीतून खाडीकडे. मावशी ताठ बसली होती, पण तिची बोटं झग्याची कड पिळत होती. मला वाटलं, संपलं. सगळ्यांची खाडी राहणार आणि हिची एकटीची जाणार, ती झाडं वाचवायला गेली म्हणून.

"रोझीचो दगड धारेत आसा," शेवंतीकाकी बसल्या जागेवरूनच म्हणाली. आवाज चिडका होता. "सगळ्यात खोल. पाणी फिराक लागला की पयला थंय येता. आणि हिका आयकाक येणा नाय. आदी मी हाक मारी होतंय. आता बोलणंय नाय म्हणान कोयती आपटतंय. ती आपटल्याशिवाय ही वर येणा नाय. एक दिवस मी नाय गेलंय तर ही थंयच बुडतली."

मावशीने कानामागे हात धरला होता. तिला सगळं ऐकू आलं. "ता माका हाक मारूक?" ती म्हणाली. "माका वाटला, राग काढतंस."

"राग आसाच," शेवंतीकाकी म्हणाली. मग अधिकारी बाईंकडे वळली. "लिवा. दगड तिचो. तिच्या आवशीचो होतो, आता तिचो."

कारकुनांनी विचारलं, कोयतीचं लिहू का? अधिकारी बाई म्हणाल्या, सगळं लिहा. मी रडत होते, आणि माझं तिथे काहीच नव्हतं, ना दगड, ना शेजारीण.

संध्याकाळी पुन्हा सुकती लागली. पाणी सोनेरी होऊन निघून गेलं आणि सगळ्याजणी उतरल्या. आम्ही दोघी काठावर बसून होतो. मावशी आणि शेवंतीकाकी शेजारशेजारच्या दगडांवर वाकलेल्या, एकमेकींकडे पाठ करून, अवाक्षर न बोलता. उजेड मावळत गेला, माणसं आणि दगड सारखेच दिसू लागले. मग ठण् ठण् ठण् झालं. मावशीने कंबर सरळ केली आणि मोठ्याने ओरडली, "इलंय गो, इलंय!"

परतीच्या गाडीत मी बोगदे मोजायचं ठरवलं होतं आणि पहिल्याच बोगद्यात झोपले. नाशिकला आल्यावर काही आठवड्यांनी ॲग्नेसचा फोन आला. हक्क मान्य झाला होता. हाताने, कोयतीने, झाडाला धक्का न लावता कालवं काढायची मुभा, सगळ्या नावांनिशी. फलकाखाली आता तशी एक छोटी ओळही आली होती.

"आणि त्या दोघी? बोलतात का?"

"छे! धक्क्याचं प्रकरण मिटायचंय अजून. बोलत नाहीत. पण एक आली नाही तर दुसरी पाण्यात उतरत नाही."

फोन ठेवल्यावर मला त्या दोघींचा हेवा वाटला, अगदी सरळ हेवा. माझ्या नावावर हे घर आहे आणि ते माझं असल्याचा कागद कपाटात आहे. तो नसता, आणि उद्या कोणी येऊन विचारलं असतं की ही बाई इथे राहते हे कोण सांगेल, तर मी कोणाकडे बोट दाखवलं असतं? समोरच्या दारावरची पाटी मी रोज बघते. त्यामागच्या बाईंचं पहिलं नाव मला माहीत नव्हतं. मालवणहून आणलेल्या आमसुलांची एक पुडी मी हातात घेतली, नुसतं कसं जायचं म्हणून, आणि त्यांची बेल वाजवली.